आवाजाचे बिऱ्हाड

कार्तिकी पौर्णिमा होते, चातुर्मास संपून साधु-साध्वींचे विहार सुरू होतात आणि त्याच सुमारास गावोगावच्या संसारांनाही हालचाल सुचू लागते. पाऊस ओसरलेला असतो, रस्ते वाळलेले असतात, नव्या घराची वास्तुशांती उरकलेली असते. दुसरा हंगाम मे महिन्याचा. मुलांच्या वार्षिक परीक्षा संपतात आणि जूनमध्ये नवी शाळा सुरू होण्याआधी बिऱ्हाड हलवावे लागते. जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या गावात ही दृश्ये आता नवी राहिलेली नाहीत. परतूर तालुक्यातले हे गाव जालना-मंठा रस्त्यावर वसलेले. फाट्यावर दिवसभर वाहनांची वर्दळ, कापूस, सोयाबीन, तूर यांची आवक आणि त्या आधाराने उभी राहिलेली किराणा, कापड, भुसार यांची दुकाने. दुकान गावातच राहते. पण मुलांच्या शिक्षणासाठी घर जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट पुण्याला जाते.

अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. खाली दुकान, वर राहती जागा. दिवाणखान्यात भिंतीलगत कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर उभे आहेत. घरातल्या आजोबांनी ऐन उमेदीत, चार पैसे हाती आल्यावर, मोठ्या हौसेने आणलेले. सकाळी त्यांतून भक्तामर स्तोत्र घुमायचे, दुपारी रेडिओवरच्या बातम्या, रात्री दुकान बंद झाल्यावर नाट्यसंगीत. आजोबा आता नाहीत. नातू म्हणतो, एवढे मोठे धूड फ्लॅटमध्ये कशाला? हातात मावणारा स्पीकर मिळतो. सून म्हणते, धूळ पुसण्याचे एक काम कमी होईल. आजी काहीच बोलत नाहीत. पर्युषणात हेच स्पीकर खाली अंगणात नेऊन प्रतिक्रमणाची ध्वनिफीत लावली जायची, हे मात्र त्यांना आठवत असते.

बिऱ्हाड हलवताना घरोघरी जे घडते, तेच येथेही घडण्याचा संभव असतो. दागिने आणि वह्या-खाती घरचे लोक स्वतः सांभाळतात. काचेची भांडी सुना कागदात गुंडाळतात. कपाटे आणि पलंग हमाल उचलतात. स्पीकर मात्र कोणत्याच यादीत नसतात. शेवटी कोणीतरी म्हणते, ‘ती दोन खोकी राहिली की!’ आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यापाशी उरलेल्या फटीत ती आडवीतिडवी कोंबली जातात. अंतर तरी किती? जालना काही दूर नाही. नेमका या ‘दूर नाही’ने घात होतो. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस सामान नीट बांधतो. जवळच्या प्रवासाला निघणारा दैवावर सोडतो.

पेटीच्या आत काय असते?

बाहेरून स्पीकर म्हणजे लाकडाची जड पेटी दिसते. एकेका पेटीचे वजन पंधरा ते पस्तीस किलोपर्यंत सहज भरते. त्यामुळे ती दणकट असणार, असा समज होतो. खरे तर ही पेटी म्हणजे जड आणि नाजूक अशा दोन गोष्टींचा एकत्र संसार आहे.

आज घराघरांत असलेल्या स्पीकरची मूळ रचना शंभर वर्षांपूर्वीची आहे. १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ती मांडली आणि मुख्य तत्त्व आजही तेच आहे. मागच्या बाजूला एक वजनदार लोहचुंबक. त्याच्या अरुंद वर्तुळाकार फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. दुरुस्ती करणारे त्याला कॉइल म्हणतात. या वेटोळ्याला कागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा जोडलेला असतो. वेटोळ्यातून विजेची लहर गेली की ते चुंबकाच्या ओढीने पुढे-मागे होते, पडदा हलतो, हवा हलते आणि सूर उमटतो. पडद्याची बाहेरची कड फोमच्या, रबराच्या किंवा कापडाच्या मऊ पट्टीने पत्र्याच्या किंवा धातूच्या चौकटीला धरलेली असते.

आता यातील मोजमाप पाहावे. वेटोळे आणि चुंबक यांच्यातले अंतर बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. चुंबक एक-दोन किलोचा आणि त्याच्या कुशीत केसाएवढ्या फटीत हलणारे वेटोळे! पेटी एका कोपऱ्यावर आदळली तर लाकडाला केवळ खोक पडेल. पण तो धक्का चुंबकाच्या वजनाने आत गुणाकार होऊन पोहोचतो. जुन्या स्पीकरमध्ये चुंबक डिंकाने चिकटवलेला असतो आणि तो डिंक वर्षांनुवर्षांत सुकून ठिसूळ होतो. चुंबक तसूभर सरकला तरी वेटोळे त्याला घासू लागते. बाहेर ओरखडाही दिसत नाही. नव्या घरी गाणे लावले की खरखर ऐकू येते. तेव्हा दोष कोणाला द्यावा हेही कळत नाही.

फोमच्या कडेचे दुखणे वेगळे. हा फोम साधारण पंधरा-वीस वर्षांत आपोआप भुरभुरू लागतो. मराठवाड्यातला उन्हाळा आणि त्यानंतरची दमट हवा यांनी ते काम लवकर होते. घरात एका जागी उभा असेपर्यंत असा स्पीकर कसाबसा चालतो. प्रवासाचे दोन तास त्याला फाडून टाकतात. म्हणून बांधाबांध सुरू करण्याआधी पुढची जाळी हलकेच काढून पडद्याची कड नजरेने तपासावी. बोट लावून दाबून पाहू नये. पूड पडत असेल, भेगा दिसत असतील तर कड बदलून घेता येते. जुन्या स्पीकरचे काम करणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत. कड गेली म्हणून सारा स्पीकर भंगारात देण्याचे कारण नाही.

न्यावे की ठेवावे?

अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या घरात बांधाबांधीपूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नव्या जागेत ज्याला स्थान नाही, वापर नाही, ते केवळ मोह म्हणून ओढत नेणे शहाणपणाचे नाही. पण वस्तू स्वस्तात नवी मिळते म्हणून जुनी टाकून देणे हाही अपरिग्रह नव्हे. तो नव्या परिग्रहाचा आरंभ आहे. चांगल्या अवस्थेतला जुना स्पीकर आणखी वीस वर्षे चालू शकतो. टाकला तर तो कचरा होतो आणि त्याच्या जागी दुसरे काही विकत आणलेच जाते.

निर्णय मोजून घ्यावा. नव्या घराच्या दिवाणखान्याची लांबी-रुंदी, दाराची रुंदी, लिफ्टचे दार आणि जिन्याची वळणे आधी फीत धरून पाहावीत. स्पीकर भिंतीला अगदी टेकवून किंवा कोपऱ्यात दाबून ठेवले तर खर्जाचा आवाज घुमतो. म्हणून मागे वीतभर तरी जागा हवी. एवढी जागा निघत असेल आणि ऐकणारे कान घरात असतील तर न्यावेत. नसेल तर गावातल्या पाठशाळेला, वाचनालयाला किंवा एखाद्या गाणे शिकणाऱ्या मुलाच्या घरी ते देऊन टाकावेत. या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारावे. त्या घरातल्या आजी बोलत नाहीत, याचा अर्थ त्यांना काही म्हणायचे नाही असा नसतो.

जीवाची काळजी आधी

मोठ्या स्पीकरच्या पेटीला पुढे किंवा मागे एक गोल भोक असते. हवा खेळती राहावी आणि खर्ज भरदार व्हावा म्हणून ते ठेवलेले असते. वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या पेटीत या वाटेने कोळी, मुंग्या, झुरळे, क्वचित पाल अशा जीवांनी आसरा घेतलेला असतो. भोक बंद करून पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळली की त्यांची जिवंत समाधीच होते.

म्हणून निघण्याच्या चार-पाच दिवस आधी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढून, सावलीत, शांत जागी मोकळे ठेवावेत. भोकातून विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. जाळी-जळमटे पूंजणीने किंवा मऊ कुंचल्याने अलगद काढावीत. कीटकनाशकाचा फवारा मारू नये. तो हिंसेचा मार्ग तर आहेच. शिवाय त्यातील द्रव पडद्याच्या कागदाला, डिंकाला आणि फोमलाही बाधतो. पडद्यावर आणि वरच्या लहान घुमटाकार ट्विटरवर धूळ ओढणारे यंत्र कधीही लावू नये. तो घुमट क्षणात आत ओढला जातो. सारे स्वच्छ झाल्यावर, आत कोणी नाही याची खात्री करून, भोकावर विरळ सुती कापड बांधावे.

बांधणीचा क्रम

प्रथम वीज बंद करावी आणि तारा सोडवाव्यात. सोडवण्यापूर्वी मागच्या जोडणीचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. तांबडी तार कोठे, काळी कोठे, उजवा स्पीकर कोणता, डावा कोणता, याच्या चिठ्ठ्या तेथेच बांधाव्यात. चिकटपट्टी थेट लाकडावर लावू नये. काढताना ती वरचा पातळ पापुद्रा उचकटून आणते. सुटे खिळे, पायाखालचे टोकदार स्क्रू, जाळीच्या खुंट्या एका कापडी पिशवीत घालून त्या पिशवीवर नाव लिहावे. चौकटीचे स्क्रू सैल झाले असतील तर हाताने हलकेच आवळावेत. जोर लावू नये, कारण भुसा दाबून केलेल्या फळीत त्यांचे आटे लगेच जातात.

यानंतरची युक्ती फारशी कोणाला ठाऊक नसते, पण ती साधी आणि उपयोगी आहे. प्रवासात स्पीकरचा पडदा धक्क्यांनी पुढे-मागे हिंदकळतो. तारा सोडवलेल्या स्पीकरच्या मागच्या तांबड्या आणि काळ्या खुंट्या तारेच्या एका लहान तुकड्याने एकमेकींना जोडल्या, तर हे हिंदकळणे बरेच कमी होते. कारण सायकलच्या डायनॅमोसारखेच आहे. डायनॅमोवर दिवा लावला की चाक जड होते. तसेच वेटोळे चुंबकात हलले की वीज निर्माण होते, दोन्ही टोके जोडलेली असल्याने ती वीज वेटोळ्यातूनच फिरते आणि त्याच्या हालचालीला विरोध करते. पडद्याला जणू अदृश्य लगाम बसतो. मात्र दोन पथ्ये काटेकोर पाळावीत. ज्या स्पीकरच्या पोटातच अॅम्प्लिफायर आहे आणि ज्याची पिन थेट भिंतीतल्या विजेला लागते, त्याला हा प्रयोग करू नये. आणि नव्या घरी स्पीकर जोडण्याआधी तो तारेचा तुकडा आठवणीने काढावा. तसाच राहिला तर अॅम्प्लिफायर जळू शकतो. त्यासाठी तुकड्याला तांबड्या कापडाची चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे नजर चुकणार नाही.

आता पडद्याचे संरक्षण. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायवूडचा तुकडा पेटीच्या पुढच्या बाजूएवढा कापावा. तो पेटीच्या लाकडी कडांवर टेकला पाहिजे, पडद्यावर नव्हे. पडद्याची कड बाहेर आलेली असेल तर चारी बाजूंना कापडाच्या घड्या ठेवून तो तुकडा उचलून घ्यावा. अनेक घरांत पडद्यावर थेट उशी किंवा गादी दाबून बांधतात. मऊ वस्तूने इजा होत नाही असे वाटते. पण मागून कपाट सरकले की ती उशीच पडदा आत ढकलते.

पेटीभोवती प्रथम सुती कापड किंवा जुनी स्वच्छ चादर, त्यावर वाकळ किंवा गोधडी, मग बबल रॅप आणि शेवटी खोके, असा क्रम ठेवावा. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवावेत; उन्हात तापलेल्या पॉलिशवर त्यांचे गोल ठसे उमटतात. पॉलिशला प्लास्टिक थेट लागू देऊ नये. कंपनीचे मूळ खोके माळ्यावर जपलेले असेल तर त्यासारखे दुसरे काही नाही. नसेल तर दुहेरी पुठ्ठ्याचे खोके घ्यावे आणि पेटीच्या सर्व बाजूंना दोन-तीन बोटे जाडीचा थर्माकोल किंवा कापडाच्या गुंडाळ्या भराव्यात. आठही कोपऱ्यांना दुप्पट गादी हवी, कारण पेटी आदळते ती कोपऱ्यावरच. खोके हलवून पाहावे. आत काही सरकत असेल तर भरणी अपुरी आहे. दुकानातले बारदान सर्वांत बाहेर चालेल, पण आत नको. त्याचा भुसकट आणि धान्याची धूळ पडद्यात अडकते.

खोक्यावर बाणाने ‘ही बाजू वर’ असे आणि पडद्याच्या बाजूला ‘पुढची बाजू, दाबू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. हमाल हिंदी वाचणारा असेल तर हिंदीतही लिहावे.

कॅसेटचा डबा वेगळा

येथे एक चूक अगदी सहज होते. सगळी गाण्याची वस्तू एके ठिकाणी असावी, म्हणून कॅसेटचा डबा स्पीकरच्याच खोक्यात, पेटीला टेकवून ठेवला जातो. कॅसेटची फीत चुंबकीय असते. तीवरचा आवाज हा चुंबकीय खुणांच्या रूपात असतो. मोठ्या स्पीकरच्या चुंबकाला ती चिकटून राहिली तर या खुणा पुसट होऊ शकतात. बाजारात मिळणारी गाणी पुन्हा मिळतील. पण त्या डब्यात कोणाच्या तरी लग्नातले मंगलाष्टक असते, एखाद्या दीक्षा-समारंभाचे ध्वनिमुद्रण असते. आजोबांनी टेपरेकॉर्डरसमोर बसून नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी असतात. तो आवाज जगात दुसरीकडे कोठेही नसतो.

अशा कॅसेट स्पीकरपासून किमान हातभर दूर, वेगळ्या डब्यात, घरच्या माणसाने मांडीवर घेऊन जाव्यात. त्याहून चांगले म्हणजे बिऱ्हाड हलवण्यापूर्वीच त्यांची संगणकावर प्रत करून घ्यावी आणि ती दोन ठिकाणी ठेवावी. संगणकाची जुनी हार्ड डिस्कही याच डब्यात जावी. ग्रामोफोनच्या तबकड्यांना चुंबकाचे भय नाही. त्यांना उन्हाचे भय आहे. त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. तबकडी वाजवण्याच्या यंत्राचा सुईचा हात त्याच्या खाचेत अडकवून दोऱ्याने हलकेच बांधावा आणि फिरती थाळी काढून वेगळी ठेवावी.

उचलणे आणि ठेवणे

जैन आचारातील पाच समित्यांमध्ये आदाननिक्षेपण समिती सांगितली आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, कोणत्याही जीवाला पीडा न होईल अशा रीतीने वागणे, हा तिचा आशय. साधु-साध्वींसाठी ती व्रताची बाब आहे. गृहस्थाने बिऱ्हाड हलवण्याच्या दिवशी तिचे स्मरण ठेवले तरी सामानाचे आणि माणसाचे, दोघांचेही रक्षण होते.

माणसाचे रक्षण यासाठी की, पस्तीस किलोची उंच पेटी एकट्याने उचलण्याच्या भरात अनेकांच्या कमरेत उसण भरते. दोघांनी मिळून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून ती उचलावी. धरताना हात तळाला आणि मागच्या बाजूला असावेत. पुढून धरले की बोटे पडद्यात जातात. जमिनीवरून ओढत नेऊ नये. जिन्यात जड बाजू खालच्या माणसाकडे येते, म्हणून खाली तगडा माणूस असावा. हमालाला घाई करू नये. ‘भाऊ, आत काचेसारखी वस्तू आहे, सावकाश’ एवढे शब्द आणि वर एक कप चहा, याने जितके काम होते तितके दटावण्याने होत नाही. ठरल्या मजुरीवर या दोन खोक्यांसाठी थोडे अधिक द्यावे आणि ते आधीच सांगावे.

टेम्पोत जागा कोणती?

व्यापारी घरांना माल भरण्याचे शास्त्र शिकवण्याची गरज नसते. तेलाचे डबे खाली, पापडाच्या पेट्या वर, हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. तेच भान येथे हवे. स्पीकर हौद्यात सर्वांत पुढे, चालकाच्या केबिनला लागून, तळावर उभे ठेवावेत. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग प्रत्येक गतिरोधकावर सर्वांत जास्त उसळतो; फाळक्याजवळची जागा म्हणूनच वाईट. खाली एक गादी किंवा जाड वाकळ असावी. दोन स्पीकर समोरासमोर तोंड करून, मध्ये प्लायवूडची फळी ठेवून उभे केले की दोघांचेही पडदे आपोआप झाकले जातात. पट्टा किंवा दोर पेटीच्या मधोमध, गोधडीवरून, हौद्याच्या कड्यांना बांधावा. दोर इतका आवळू नये की पेटीचे सांधे कुरकुरतील.

त्यांच्यावर काहीही ठेवू नये. पाटा-वरवंटा, गॅसची टाकी, लोणच्याची बरणी यांपैकी काहीही शेजारीसुद्धा नको. बरणीचे तेल एकदा कागदी पडद्यात मुरले की तो पडदा गेलाच. मोटारीतून न्यायचे असतील आणि उभे राहत नसतील, तर पाठीवर झोपवावेत, तोंडावर कधीही नाही. तोंडावर झोपवले की सारा भार पुढच्या बाजूवर येतो आणि पुठ्ठा सरकला तर पडदा चिरडतो.

मे महिन्यात प्रवास असेल तर पहाटे निघावे. भर दुपारी बंद हौद्यात किंवा काचा लावलेल्या मोटारीत इतके तापते की फोम आणि डिंक दोन्ही मऊ पडतात. जून ते सप्टेंबर या काळात ताडपत्री तपासल्यावाचून निघू नये. भुशाच्या फळीला पाणी लागले की ती फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. पाऊस नसेल तेव्हाही ताडपत्री हवीच. रस्त्याची धूळ तिच्याविना प्रत्येक फटीत शिरते.

कागदपत्रांचे भान

वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिलाची आवश्यकता नसते. परंतु पुष्कळदा एकाच टेम्पोत घरचे सामान आणि दुकानाचा माल मिसळला जातो. दुकानाच्या मालाला त्याचे बिल आणि नियमांत बसत असेल तेथे ई-वे बिल लागतेच. ही सरमिसळ टाळावी; रस्त्यात तपासणी झाली तर सगळे सामान उतरवण्याची वेळ येते, आणि रस्त्याच्या कडेला घाईने उतरवलेला स्पीकर पुन्हा तसा नीट बांधला जात नाही.

नोंदणीकृत वाहतूकदाराकडून माल पाठवला तर बिल्टीवर सामानाचे वर्णन आणि मूल्य स्पष्ट लिहून घ्यावे. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीविषयी २००७ चा केंद्रीय कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार, अधिक जोखमीचा दर भरून जादा मूल्य जाहीर केलेले नसेल, तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते आणि तीही जाहीर केलेल्या मूल्याच्या आत. म्हणजे भाडे तीन हजार असेल तर तीस हजारांपलीकडे भरपाईची अपेक्षा धरता येत नाही. नुकसानीची लेखी सूचना माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. निघण्यापूर्वी स्पीकरची चारी बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली तर पुढे वाद राहत नाही. गावातला ओळखीचा टेम्पो असेल तर बहुधा बिल्टी नसतेच. तेथे सारा भरवसा चालकाच्या सावधपणावर आणि स्वतः केलेल्या बांधणीवर.

नव्या घरी

पोहोचल्याबरोबर गाणे लावण्याची घाई करू नये. विशेषतः पावसाळ्यात खोकी उघडून स्पीकर काही तास तसेच राहू द्यावेत, म्हणजे आतला दमटपणा निघून जाईल. तांबड्या चिंधीचा तारेचा तुकडा प्रथम काढावा. भोकावरचे कापड काढावे. मग छायाचित्र समोर ठेवून तारा जोडाव्यात, आवाजाचे बटण शून्यावर आणावे आणि एकेक स्पीकर अगदी हळू आवाजात ऐकावा. खरखर किंवा घासल्यासारखा ध्वनी आला तर तेथेच थांबावे. आवाज वाढवून पाहिल्यास वेटोळ्याची तार तुटते. दोन्ही स्पीकर वाजत असूनही खर्ज हरवल्यासारखा वाटला तर बहुधा एका बाजूच्या तांबड्या-काळ्या तारा उलट लागलेल्या असतात. एक पडदा पुढे येत असताना दुसरा मागे जातो आणि दोघे एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. तारा सुलट केल्या की दोष जातो.

फ्लॅटमध्ये भिंत शेजाऱ्याशी वाटून घेतलेली असते. वाटूरच्या वाड्यात जो आवाज अंगणात विरून जायचा, तो येथे दुसऱ्याच्या झोपेत शिरतो. म्हणून स्पीकरखाली रबराचे किंवा जाड नमद्याचे तुकडे ठेवावेत, सामायिक भिंतीपासून ते दूर असावेत आणि पहाटेचे स्तोत्र घरापुरतेच ऐकू येईल इतकेच लावावे. चांगल्या मोठ्या स्पीकरची खरी थोरवी हळू आवाजातच कळते.

आता पुन्हा त्या घराकडे वळावे. नातवाने मोजमाप करून जागा काढली आहे, सुनेने जुन्या साड्यांच्या घड्या कोपऱ्यांना लावल्या आहेत, मुलाने हमालांना चहा दिला आहे. जालन्याच्या घरात पहिल्या संध्याकाळी अजून पडदे लागलेले नाहीत, निम्मी भांडी खोक्यातच आहेत. आजींना ही जागा परकी वाटते. खिडकीतून फाटा दिसत नाही, खालून तराजूचा आवाज येत नाही. अशा वेळी नातवाने कॅसेटचा तो वेगळा डबा उघडावा आणि आजोबांची गोष्ट लावावी. आवाज तोच, मध्येच येणारा खोकला तोच, ‘ऐकताय ना रे?’ हा प्रश्नही तोच. आजी खोक्यावर टेकून बसतील, आणि पडदे उद्या लावले तरी चालतील असे म्हणतील.